शेळीचे रक्त तपासा, पण भरपाईचे आधी बोला

शेळी गाभडली की आपल्या वस्तीत तीन कारणे सांगितली जातात. कोणाची तरी नजर लागली, दुसऱ्या शेळीने शिंग मारले, नाहीतर खाण्यात काही वावगे आले. चौथे कारण कोणी सांगत नाही, कारण ते डोळ्याला दिसत नाही. ते रक्तात असते आणि रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. त्याचे नाव ब्रुसेलोसिस. पशुवैद्यक त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. शेळीपासून हा रोग माणसाला होतो, आणि ज्याच्या दारात शेळी बांधलेली असते त्याला आधी होतो. म्हणून आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे.

शेळी कोणाच्या दारात असते हे मी सांगायला नको. पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरच्या आमच्या चुडाव्यात असो की परभणी जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणत्याही गावात, म्हैस असते जमीनवाल्याच्या गोठ्यात. शेळी असते भूमिहीनाच्या छपरात, आणि तिची मालकीण बहुतेक वेळा बाई असते. लेकराची फी, सासूचे औषध, मुलीचे बाळंतपण, अशा वेळी विकायला हाताशी असते ती शेळीच. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या मोजल्या गेल्या. आपल्या मराठवाड्याची काळी उस्मानाबादी शेळी जुळी करडे देते, अर्धा-पाऊण लिटर दूध देते आणि बांधावरच्या पाल्यावर जगते. अशी शेळी गाभडली तर घरातले वर्षाचे गणित बिघडते.

रोग असा चालतो. शेळीचा गाभ पाच महिन्यांचा. लागण झालेली शेळी साधारण शेवटच्या दोन महिन्यांत गाभ टाकते. कधी करडू जिवंत येते पण उभे राहत नाही, कधी वार अडकते. बोकडाच्या अंडाला सूज येते. हे झाले दिसणारे. न दिसणारे जास्त धोक्याचे आहे. एकदा गाभडलेली शेळी पुढच्या वेताला नीट विते, चांगली दिसते, चांगली खाते, आणि दुधातून व विण्याच्या पाण्यातून जंतू बाहेर टाकत राहते. चेहरा पाहून किंवा कास चाचपून ते कोणाला ओळखता येणार नाही, मग तो कितीही जुना जाणकार असो.

माणसात हा जंतू ताप होऊन येतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. रात्री घामाने अंथरूण भिजते. कंबर धरते, सांधे दुखतात, वजन उतरते, अंगात त्राण राहत नाही. पुरुषांच्या अंडाला सूज येऊ शकते, पण लाजेपायी ते कोणाला सांगत नाहीत. गरोदर बाईचा गर्भ पडू शकतो. लागण झाल्यापासून ताप यायला कधी आठवडा, कधी काही महिने जातात. तोवर शेळी गाभडली होती हे घरातले विसरून गेलेले असतात.

वॉर्डात काम करत होते तेव्हा आमच्याच भागातली एक बाई आली होती. तीन महिन्यांचा ताप. तिच्या पिशवीत विडाल टेस्टचे चार कागद, मलेरियाचे दोन आणि सलाईनच्या पावत्यांचा गठ्ठा होता. कोणी टायफॉइड म्हटले, कोणी अशक्तपणा म्हटले, एकाने कंबरेचा एक्स-रे पाहून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी थोडे दिवस बरे वाटले. त्यात आश्चर्य नाही. टीबीच्या औषधांतले रिफॅम्पिसिन या जंतूवरही काम करते. पण ब्रुसेलोसिसला डॉक्टर दोन औषधे मिळून साधारण सहा आठवडे देतात. ती जोडी बरोबर नसली किंवा मध्येच सोडली, तर ताप उलटतो. त्या बाईच्या सगळ्या कागदांत एक प्रश्न कुठेच लिहिलेला नव्हता: घरी जनावरे आहेत का? तिच्याकडे पाच शेळ्या होत्या आणि त्यांतल्या दोन त्याच हंगामात गाभडल्या होत्या. हे कळल्यावर एका तज्ज्ञाने योग्य तपासणी लिहून दिली. तोवर औषधपाण्यासाठी तिने तिसरी शेळी विकली होती. ती कोणत्या गावी, कोणाच्या घरी गेली, हे कोणालाच माहीत नव्हते.

शेळीच्या रक्ताने माणसाच्या तापाचे कोडे सोडवल्याची गोष्ट मात्र सव्वाशे वर्षांची होत आली. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे छोटे बेट आहे. तेव्हा तिथे इंग्रजांची मोठी छावणी होती आणि सैनिक एका लांबणाऱ्या तापाने आजारी पडत, काही मरत. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ साली मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत सापडलेल्या जंतूची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्या नावावरूनच ब्रुसेला हे नाव पडले. पण जंतू माणसात शिरतो कुठून, हे पुढे अठरा वर्षे कळेना. हवा, पाणी, डास, गटारे, सगळे तपासून झाले. १९०५ साली थेमिस्टोकल्स झमीत या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचे रक्त तपासले. शेळ्या धडधाकट होत्या, म्हणून त्यांच्यावर कोणाचा संशय नव्हता. त्या दारोदार फिरवायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायची, अशी तिथली रीत. रक्ताने वेगळेच सांगितले. निम्म्याच्या आसपास शेळ्यांच्या रक्तात लागणीची खूण निघाली आणि दहातल्या एकीच्या दुधात जंतू सापडले. त्याच वर्षी माल्टाहून साठेक शेळ्या घेऊन एक जहाज अमेरिकेकडे निघाले. वाटेत खलाशांनी त्यांचे दूध प्यायले आणि बहुतेक जण तापाने पडले. १९०६ मध्ये छावणीत शेळीचे दूध बंद झाले आणि सैनिकांतला ताप झपाट्याने उतरला.

इथवरची गोष्ट पुस्तकांत अभिमानाने सांगतात. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बंदी छावणीपुरती होती. बेटावरची गरीब माणसे तेच दूध पीत राहिली, त्याच शेळ्या पाळत राहिली आणि त्याच तापाने पडत राहिली. दूध तापवून, जंतुरहित करून विकण्याची व्यवस्था तिथे १९३८ मध्ये सुरू झाली. सैनिक एका वर्षात सुटले आणि शेळीवाल्यांना तीस वर्षांहून जास्त थांबावे लागले. विज्ञान दोघांसाठी एकच होते.

आपल्याकडे आज काय आहे ते बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी १३,३४३ कोटी रुपयांची घोषणा होती. त्यातली ब्रुसेलोसिसची लस गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदा दिली जाते. शेळीला नाही. आपल्या बायका म्हणतात, "ताई, आमच्या शेळ्यांना तर सुई दिली की." ती सुई बहुधा पीपीआरची किंवा आंत्रविषाराची असते. ती अवश्य द्या, पण तिचा ब्रुसेलोसिसशी संबंध नाही. शेळ्या-मेंढ्यांसाठी रेव्ह-१ नावाची वेगळी लस जगात वापरतात. आपल्या कार्यक्रमात मात्र वासराला लस आहे आणि शेळीला काही नाही. शेळ्यांमधला ब्रुसेला मेलिटेन्सिस हा प्रकार तर माणसाला सगळ्यात जास्त त्रास देणारा. म्हणजे जास्त धोक्याचा जंतू ज्या जनावरात आणि जास्त गरीब माणूस ज्या जनावराजवळ, नेमके तेच जनावर यादीतून सुटले आहे. कोणी ठरवून सोडले असे मी म्हणत नाही. दूध संघात शेळीचे दूध जात नाही, तिला संघटना नाही, म्हणून ती कोणाच्या नजरेत आली नाही.

लस नाही तर निदान तपासणी तरी करता येते, आणि ती अवघड नाही. नर्सिंग शिकलेल्या कोणालाही ती लगेच समजेल. शेळीच्या मानेच्या शिरेतून चार-पाच मिली रक्त घ्यायचे, माणसासाठी वापरतो त्याच लाल झाकणाच्या साध्या नळीत. नळी हलवायची नाही, उभी ठेवायची. रक्त गोठले की वर पिवळसर रक्तजल सुटते, ते वेगळे काढून बर्फाच्या डब्यात पाठवायचे. प्रयोगशाळेत ते एका पांढऱ्या फरशीवर किंवा काचेवर घेऊन गुलाबी रंगाच्या द्रावणात मिसळतात. त्या द्रावणात मारलेले आणि रंगवलेले ब्रुसेला जंतू असतात. शेळीच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये असतील तर चार मिनिटांत बारीक गुठळ्या दिसतात, दूध फाटल्यासारख्या. नसतील तर रंग एकसारखा राहतो. हिला रोझ बंगाल चाचणी म्हणतात. गाईसाठी रक्तजल आणि द्रावण सारखे घेतात, पण शेळीसाठी रक्तजल तिप्पट घ्यावे लागते, नाहीतर लागण झालेल्या काही शेळ्या सुटतात. गाईच्या दुधावर केली जाणारी रिंग टेस्ट शेळीच्या दुधावर भरवशाची नाही. म्हणून शेळीसाठी रक्तच घ्यावे लागते.

एक गोष्ट परिचारिका म्हणून निक्षून सांगते. दर शेळीला नवी सुई. एकाच सुईने सगळा कळप उरकला तर तपासणीच रोग पसरवील. रक्त घेणाऱ्याच्या हातात मोजे असलेच पाहिजेत.

या चाचणीला मर्यादा आहेत, त्या लपवायचे कारण नाही. लागण नुकतीच झाली असेल तर रक्त साफ दिसू शकते, म्हणून गाभडलेल्या शेळीची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. आईच्या चिकातून आलेल्या प्रतिद्रव्यांमुळे लहान करडाचा निकाल फसवा येतो, म्हणून सहा महिन्यांच्या आतली करडे तपासण्यात अर्थ नसतो. दुसऱ्याच एखाद्या जंतूमुळे क्वचित खोटी गुठळी दिसते, म्हणून गुलाबी चाचणीत सापडलेल्या शेळीचे रक्त एलायझा चाचणीने पक्के करून घ्यायचे. आपल्या शेळ्यांना ही लस दिलेलीच नाही, त्यामुळे निघालेली प्रतिद्रव्ये लसीची की रोगाची, हा गाईत पडणारा घोळ इथे पडत नाही. आपल्या उपेक्षेचा एवढा एक फायदा आहे म्हणायचा.

परभणीत महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्यात औंधला राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. तालुक्याला पशुधन विकास अधिकारी आहेत आणि उमेद अभियानातून कितीतरी गावांत पशुसखी तयार झाल्या आहेत. माणसे आहेत, चाचणी स्वस्त आहे. मग अडते कुठे?

अडते ते निकालानंतर. समजा, एखाद्या बाईच्या सहा शेळ्यांपैकी दोन सापडल्या. पुढे काय? औषध देऊन शेळी जंतुमुक्त होईल याचा भरवसा नाही. ती कळपातून काढावी लागते. दोन शेळ्या म्हणजे त्या बाईची एक तृतीयांश बँक. तुम्ही तिला नुसता कागद दिला आणि निघून आलात, तर ती काय करील? पुढच्या बाजाराला दोन्ही विकील. मी तिला दोष देणार नाही. तिच्या जागी तुम्ही-आम्ही हेच केले असते. पण त्या शेळ्या जातील कोठे? दुसऱ्या गावातल्या अशाच एखाद्या ताईच्या दारात, तिच्या लेकरांच्या पेल्यात. रोग एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत नेण्याचे काम मग आपली तपासणीच करील. आणि पुढच्या वेळी रक्त घ्यायला गेलात तर कोणी शेळी दाखवणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की सुई लावण्याआधी भरपाई लिहून द्या. ही मागणी जगावेगळी नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा सरकारने लाखो कोंबड्या मारल्या आणि पोल्ट्रीवाल्यांना भरपाई दिली. रोग सर्वांच्या भल्यासाठी थांबवायचा असेल तर त्याची किंमत एकट्याने सोसायची नाही, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. ब्रुसेलोसिस हा प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या यादीतला रोग आहे. पोल्ट्रीच्या शेडला जे तत्त्व लागले ते छपरातल्या दोन शेळ्यांना का लागू नये?

आणखी एक मुद्दा आपल्या जास्त जवळचा आहे. दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट वाटण्याची योजना आहे आणि अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याला ७५ टक्के अनुदान मिळते. आपली कितीतरी मुले आणि बचत गटाच्या बाया अर्ज भरतात. नंबर लागला की आनंद होतो, होणारच. पण कानातला बिल्ला आणि विम्याचा कागद पाहतो तसा या शेळ्यांच्या रक्ताचा अहवालही मागा. अकरा जनावरे वेगवेगळ्या दावणींवरून एका दारात येतात. त्यांत एक जरी लागण झालेली असली तर दोन वेतांत गट संपेल आणि बँकेचा हप्ता मात्र उरेल. खासकरून बोकडाचा अहवाल मागा, कारण तो गावातल्या इतरांच्या शेळ्यांनाही लागतो.

तपासणीला वेळ लागेल तोवर घरात काय करायचे तेही सांगते. दूध उकळी येईपर्यंत तापवूनच प्या. उकळीने जंतू मरतो. शेळीचे कच्चे दूध क्षयाला चांगले, अंगावरच्या लेकराला चांगले, डेंग्यूत प्लेटलेट वाढवते, या समजुतींना आधार नाही. डेंग्यूच्या दिवसांत शंभर मिली कच्च्या दुधाला लोक वाटेल ती किंमत देतात आणि एक ताप उतरवायला दुसरा घरात आणतात. चहात उकळलेल्या दुधाची भीती बाळगू नका. मांस चांगले शिजवलेले असेल तर त्याचीही नाही. भीती आहे ती उघड्या हाताची. गाभडलेले करडू, वार, विण्याचे पाणी यांत जंतू सगळ्यात जास्त असतात. आपल्या आज्या-माया शेळीचे बाळंतपण उघड्या हाताने करत आल्या. हाताला कापलेले असते, सरपणाचे ओरखडे असतात, जंतू तेथूनच शिरतो.

१९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले. आपल्या मागच्या पिढ्यांनी ते ऐकले, ढोरे ओढणे सोडले आणि त्यापायी गावाचा राग सोसला. तो स्वाभिमानाचा लढा होता. पण स्वतःच्या छपरातले मेलेले करडू आपण अजून उघड्या हाताने उचलतो आणि उकिरड्यावर टाकतो, कुत्री ते गावभर ओढत नेतात. मोजे घाला. मोजे नसतील तर दोन्ही हातांना प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. खड्डा खोल खणा, चुना टाका, पुरा. हात साबणाने धुवा. गरोदर सुनेला या कामाला लावू नका. गाभडलेली शेळी निदान दोन महिने वेगळी बांधा. खाटिककाम करणाऱ्या भावांनी कास आणि गर्भाशय हाताळताना हीच काळजी घ्यावी.

आणि ताप आठवड्यावर गेला तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. आपणच म्हणा, "डॉक्टर, माझ्या घरी शेळ्या आहेत, एक गाभडली होती." हीच गुलाबी चाचणी माणसाच्या रक्तावरही होते. आशाताईंनी तापाच्या नोंदीत जनावरांचा एक रकाना हाताने आखून घ्यावा. पशुसखीने शेळी गाभडल्याचे आशाताईला सांगावे आणि आशाताईने लांबलेला ताप पशुसखीला. दोघी एकाच गल्लीत राहतात, एकाच हापशावर पाणी भरतात. त्यांच्या खात्यांची गाठ मंत्रालयात पडायची तेव्हा पडो.

सगळ्या शेळ्या एकदम तपासा अशी माझी मागणी नाही. ती कागदावरच राहील. सुरुवात गाभडलेल्या शेळ्यांपासून आणि गावातल्या सगळ्या बोकडांपासून करावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांतली जी ग्रामसभा आधी येईल तिच्यात ठराव मांडा. त्यात तीन गोष्टी असाव्यात: या शेळ्या-बोकडांच्या रक्तजलाची तपासणी, सापडलेल्या जनावराची बाजारभावाने भरपाई, आणि वाटपाच्या गटाला तपासणी अहवालाची अट. ठरावाबरोबर मागच्या एका वर्षात कोणाच्या किती शेळ्या गाभडल्या आणि त्या घरात कोणाला लांबलेला ताप आला, याची यादी जोडा. यादी करायला बचत गटाची एक बैठक पुरते. अर्ज पशुधन विकास अधिकाऱ्यांना एक आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना एक असे दोन द्या. दोन्हींच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या आणि त्या प्रती विहारात फाईल करून ठेवा.